शिफारशीचा कागद आणि त्याची पारख

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यांत, धनेगांवच्या डोंगरांत, कचारगडची प्रचंड नैसर्गिक गुहा आहे. माघी पौर्णिमेस तेथें गोंड समाजाची यात्रा भरते, व महाराष्ट्राप्रमाणेंच मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगण या प्रांतांतूनहि लोक येऊन डोंगराची वाट धरतात. जुन्या कागदांच्या शोधांत फिरणाऱ्या माणसास या ठिकाणीं हातीं लागण्यासारखें फारसें कांहीं नाहीं. येथला इतिहास कंठांत आहे, रुमालांत नाहीं. तरी प्रस्तुत लेखाचा विषय मला सुचला तो याच यात्रेंत, आणि तो विषय कागदाचाच आहे.

यात्रेंत दोन अपरिचित माणसें भेटलीं म्हणजे एकमेकांस कूळ विचारतात व किती देवांचे हें विचारतात. चार देवांचे, पांच देवांचे, सहा किंवा सात देवांचे, एवढें उत्तर मिळालें कीं समोरचा भाऊ लागतो कीं सोयरा होऊं शकतो, हें जागच्या जागीं ठरतें. ओळख करून देण्यास तिसरा माणूस लागत नाहीं. दप्तरांच्या मुलखांत तिसऱ्या माणसावांचून पान हलत नाहीं. अंमलदार एका टोकाला, गरजू दुसऱ्या टोकाला, आणि मध्यें ज्याचा शब्द दोहोंकडे चालतो असा कोणी एक. त्या मधल्या माणसानें अंमलदारास लिहिलेला कागद म्हणजे शिफारसपत्र.

कचारगडच्या परंपरेंतहि असा मधला माणूस आहे, व तो लिंगो. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीं मिळविलेलें लिंगोचें गीत त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनीं इ. स. १८६६ मध्यें प्रसिद्ध केलें. त्या पाठांत महादेव गोंडांस गुहेंत कोंडून दारास शिळा लावतो; चौघे तेवढे बाहेर राहतात. लिंगो त्या चौघांचा सोबती व शिक्षक होतो, आणि पुढें त्या चौघांच्याच हातून त्याचा घात होतो. तो पुन्हा जिवंत होतो, व सूड घेण्याऐवजीं कोंडलेल्या गोंडांच्या सुटकेसाठीं महादेवाची आराधना करतो. आज कचारगडास सांगतात ती कथा याहून निराळी आहे. ती काली कंकालीच्या मुलांची, जंगो रायताडची, आणि शिळा हटवितांना प्राण गमावणाऱ्या हिरासुका पाटालीर या वादकाची आहे. मोतीरावण कंगाली यांच्या लेखनानें ती दूरवर पोंचली. दोन पाठांतील भेदांची चर्चा येथें करावयाची नाहीं. ज्यांनीं घात केला त्यांच्याच भाऊबंदांसाठीं सत्ताधीशापाशीं शब्द टाकणारा माणूस, एवढाच धागा मला हवा आहे. तसाच एक माणूस पुढें ऐतिहासिक पत्रांत भेटणार आहे.

यात्रेहून परततांना त्या बाजूच्या एका संग्राहकांनीं आपला रुमाल मला दाखविला. कागद एका जुन्या जमीनदारी घराण्यांतून रद्दीच्या भावानें सुटलेले होते. संग्राहकांनीं सनदा, ठरावपत्रें व हद्दीचे कागद मोठ्या काळजीनें वेगळे काढले होते. उरलेला गठ्ठा शिफारशींचा म्हणून सुतळीनें बांधून खालीं टाकलेला होता. हा ठेवूं कीं देऊन टाकूं, असा त्यांचा प्रश्न. तत्काळ उत्तर देण्याचा मला धीर झाला नाहीं. कारण वीस-बावीस वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका ठिकाणीं, अशाच गठ्ठ्यावर मींच 'किरकोळ' असा शेरा मारला होता. सनदांच्या नकला मीं करून घेतल्या. किरकोळ गठ्ठा ओसरीवरच्या फडताळांत राहिला, व पुढल्या पावसाळ्यानंतर त्यांत वाळवीनें कुरतडलेल्या कडांखेरीज कांहीं उरलें नव्हतें. ज्या सनदांसाठीं डोळे शिणविले त्या सरकारी दप्तरांत आधींच उतरलेल्या निघाल्या. जें एकाच ठिकाणीं होतें तें गेलें.

हा मुलूख शिफारशीच्या कागदांस फार अनुकूल. नागपूरकर भोसल्यांच्या अमलांत हा डोंगरी व जंगली भाग बव्हंशीं जमीनदारांच्या हातून चाले. इ. स. १८१८ त आपासाहेब भोसले पदच्युत झाले. त्याच सालीं कामठ्याच्या चिमणा पाटलानें उठाव केला व तो मोडला गेला. तिसऱ्या रघूजींच्या अल्पवयांत रेसिडेंट जेंकिन्स यांच्या देखरेखीखालीं जिल्ह्यांवर इंग्रज सुपरिंटेंडेंट आले. इ. स. १८५४ त राज्य खालसा झालें, १८६१ त मध्यप्रांत बनला. यांतील प्रत्येक फेरफाराबरोबर असा एक अंमलदार आला, कीं ज्याला गांवांतलें कोणीच माहीत नाहीं. अंमल बदलला कीं शिफारशींचा सुकाळ होतो. काल ज्याला सारा परगणा ओळखत होता त्याला आज आपण कोण हें दुसऱ्याकडून लिहवून घ्यावें लागतें. इंग्रज अधिकारी आपल्या नोकरांस व आश्रितांस जीं चांगल्या वर्तणुकीचीं पत्रें देत, त्यांस त्यांच्या भाषेंत 'चिट' म्हणत; तो शब्द आपल्या चिठ्ठीचाच. अशी चिठ्ठी कापडांत गुंडाळून तीन पिढ्या जपलेलीं घराणीं विदर्भांत काय आणि कोंकणांत काय, पुष्कळ आढळतात.

पारख करण्यापूर्वीं नांवें नीट लाविलीं पाहिजेत. शिफारस किंवा भलावण ही कांहीं मिळावें म्हणून असते. रदबदली ही घडलेला अपराध पोटांत घातला जावा म्हणून असते. जामीन दोहोंहून वेगळा, कारण माणूस फिरला तर जामिनास खिशांतून भरावें लागतें. कागदावर हे तीन प्रकार वेगळे दिसले तरी माझें म्हणणें असें आहे कीं, जुना सोबती म्हणून ज्याची शिफारस होते त्याच्या बाबतींत शिफारस करणारा न लिहितांहि जामीन झालेला असतो. तो रक्कम भरीत नाहीं. पुढच्या वेळीं आपला शब्द चालेल कीं नाहीं, हें तो पणास लावतो. म्हणून असा कागद ज्याच्याविषयीं लिहिला त्याच्यापेक्षां ज्यानें लिहिला त्याची साक्ष अधिक देतो. हें ध्यानांत न ठेवल्यामुळें आपल्याकडे दोन उलट चुका होतात. कोणी शिफारशींस किरकोळ म्हणून टाकतो. कोणी तींतली स्तुति शब्दशः घेऊन पूर्वजांचें चरित्र लिहितो. राजवाडे यांनीं इ. स. १८९८ पासून साधनांचे खंड काढले व बखरीहून अस्सल पत्र श्रेष्ठ हा दंडक घालून दिला. त्या दंडकाचे उपकार मोठे आहेत. पण कागद अस्सल ठरला कीं मजकूर खरा ठरला, अशी एक सुस्त संवय त्यांच्यामागून आलेल्यांस लागली. शिफारसपत्र तिच्यावरचा उतारा आहे: तें बहुधा अस्सल असतें आणि क्वचितच निःपक्षपाती असतें.

गोंदियाकडील त्या गठ्ठ्यांतील माणसें अप्रसिद्ध असल्यामुळें त्यांची पुढची हकीकत दुसरीकडून पडताळतां येत नाहीं. म्हणून कसोटी ठरविण्यासाठीं ज्यांचा शेवट आपणांस ठाऊक आहे अशा शिफारशी घेतल्या पाहिजेत. त्या देशावरच्या व कोंकणांतल्या आहेत. वाचकांच्या परिचयाच्याहि आहेत, परंतु शिफारस म्हणून त्यांकडे सहसा कोणी पाहिलेलें नाहीं.

पहिली कारीच्या जेध्यांची. या घराण्याची शकावली टिळकांनीं इ. स. १९१६ त प्रसिद्ध केली व शिवकालाच्या तिथींचा हिशेब नव्यानें मांडावा लागला. त्या प्रकाशांत याच घराण्याचा करीना मागें पडला. इ. स. १६४८ च्या जुलईंत मुस्तफाखानानें जिंजीच्या छावणींत शहाजीराजांस कैद केलें. कान्होजी जेधे व दादाजी कृष्ण लोहोकरे हे त्यांच्या पदरचे लोकहि त्या कैदेंत सांपडले. इ. स. १६४९ त सुटका झाल्यावर, करीना सांगतो त्याप्रमाणें, शहाजीराजांनीं कान्होजींस मावळांत परत पाठविलें. तुमचें वतन तिकडे, चिरंजीव तिकडे. त्यांच्यापाशीं राहावें, कोणाचीहि फौज आली तरी इमान सोडूं नये, असा त्या बोलण्याचा आशय. आणि शपथ घेतली गेली.

येथें शिफारशीचें पत्र नाहीं. ज्याची शिफारस झाली तो माणूसच पत्रासारखा पाठविला गेला, आणि त्याची लायकी म्हणून सांगण्यासारखी एकच गोष्ट होती: तो कैदेंत बरोबर होता. सोबत्याविषयींची साक्ष याहून थोडक्यांत देतां येणार नाहीं. दहा वर्षांनीं तिची परीक्षा झाली. इ. स. १६५९ त अफझलखान चालून आला, तेव्हां खानास सामील व्हावें असें विजापूरचें फर्मान कान्होजींस आलें. शेजारचे उत्रोळीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले. कान्होजी मुलांसह राजगडास गेले, शहाजीराजांपुढें केलेली शपथ त्यांनीं सांगितली, आणि वतनावर पाणी सोडलें.

शंका घेणारा म्हणेल, करीना हा जेध्यांच्याच घरचा कागद. वतनदार आपल्या इमानाची कथा लिहून ठेवणारच. शंका रास्त आहे. करीना, कैफियत, महजर हे सर्व कागद हक्क शाबीत करण्यासाठीं लिहिलेले असतात. मात्र याच करीन्यांत पुढें एक प्रसंग आहे, व माझ्या मतें आपल्या सर्व साधनांत शिफारशीचें वजन इतक्या बारकाईनें तोललेलें दुसरें स्थळ विरळा. खानाचा पाडाव झाल्यावर खंडोजी खोपडे लपून राहिले, आणि अखेर त्यांनीं कान्होजींनाच गळ घातली. कान्होजींनीं महाराजांपाशीं रदबदली केली. महाराजांनीं मान दिला, अभय दिलें. पुढें खंडोजी नजरेस पडतांच त्यांचा उजवा हात व डावा पाय तोडविला. कान्होजी दुखावले, तेव्हां महाराजांनीं खुलासा केला तो असा, कीं तुमच्या शब्दासाठीं जीव राखला, आणि ज्या हातानें व ज्या पायानें फितवा झाला त्यास शासन केलें.

शिक्षेच्या कठोरपणाविषयीं कोणास काय वाटेल तें वाटो. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनें हा निवाडा अद्वितीय आहे. शिफारस करणाऱ्याचें देणें आणि अपराध्याचें देणें हीं येथें एकाच शरीरावर निरनिराळीं फेडलीं गेलीं. कान्होजींसारख्या माणसाचा शब्द एका प्राणाइतका जड, त्याहून अधिक नाहीं, हें महाराजांनीं ठरवून टाकलें. आणि करीन्याची विश्वसनीयता मला येथें पटते. कारण या हकीकतींत जेध्यांचा गौरव पुरता नाहीं. त्यांच्या पूर्वजाची रदबदली अर्धीच फळाला आली, तो खट्टू झाला, त्याची समजूत घालावी लागली, हें सर्व त्यांनीं लिहून ठेविलें आहे. स्वतःच्या पक्षास थोडासा कमीपणा आणणारी गोष्ट जो कागद टाळत नाहीं, त्याच्या इतर गोष्टींवर थोडा अधिक भरंवसा ठेवावा.

दुसरी शिफारस फसलेली आहे. फसलेल्या शिफारशी कागदावर फार थोड्या राहतात, म्हणून तिच्यापाशीं जरा थांबतों. इ. स. १६७७ त शिवाजीमहाराज दक्षिणदिग्विजयास निघाले व भागानगरास अबुल हसन कुतुबशहाची भेट घेतली. त्या वेळीं त्यांनीं मुधोळच्या मालोजी घोरपड्यांस लिहिलेलें लांब पत्र प्रसिद्ध आहे. राजकारणाच्या अभ्यासकांनीं तें वाचलें तें दक्षिणची पातशाही दक्षिण्यांच्या हातीं राहावी या धोरणासाठीं. विजापुरांत बहलोलखान पठाणाचें प्राबल्य झालें होतें, त्याविरुद्ध मराठे सरदार एकत्र करण्याचा तो उद्योग होता. पण पत्राचा पाया निराळाच आहे. तो म्हणजे एका जुन्या शिफारशीचा जमाखर्च. शहाजीराजे निजामशाही सोडून इब्राहिम आदिलशहाकडे गेले तेव्हां त्यांनीं तुमच्या वडिलांस, बाजी घोरपड्यांस, बरोबर नेलें, पातशहाच्या पायांवर घातलें, थोर पदास चढविलें. त्याची फेड काय झाली? मुस्तफाखानानें शहाजीराजांस धरिलें त्या कामीं बाजी पुढें होते. त्यापुढें वैर वाढलें, उभयपक्षीं माणसें पडलीं. पत्राचा हा गोषवारा आहे, इ. स. १६६४ च्या सुमारास खुद्द बाजी महाराजांच्या हातून मारले गेले, हें वाचकांस माहीत आहेच. आणि एवढें सगळें मांडल्यावर महाराज मालोजींस कळवितात कीं, तें सर्व मनांतून काढून मीं कुतुबशहापाशीं तुमच्याविषयीं बोललों आहें, तुमच्या नांवें फर्मान घेतलें आहे, निघून या.

बापानें शिफारस केली, ती उलटली. त्याच घराण्याच्या पुढल्या पिढीची शिफारस मुलगा करतो आहे, आणि पहिली उलटल्याचें दुसऱ्या शिफारशीच्या पत्रांतच लिहितो आहे. कचारगडच्या लिंगोची आठवण मला झाली ती येथें. अर्थात् लिंगोस राज्य मिळवावयाचें नव्हतें, महाराजांस होतें. साम्य ताणूं नये.

आतां या पत्राची पारख. पहिली गोष्ट, त्यांतली मूळ हकीकत लेखकाच्या डोळ्यांदेखतची नाहीं. इब्राहिम आदिलशहा इ. स. १६२७ त वारला. महाराजांचा जन्म १६३० चा. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वींची, स्वतःच्या जन्माआधींची गोष्ट ते वडिलांकडून ऐकलेली सांगत आहेत. उपकार करणाऱ्याच्या घरांत उपकाराची आठवण वाढत जाते, व घेणाऱ्याच्या घरांत ती झिजत जाते, हा अनुभव कोणास नाहीं? दुसरी गोष्ट मुधोळकडची. द. वि. आपटे यांनीं इ. स. १९३४ त मुधोळच्या घोरपडे घराण्याचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यांत बहमनी काळापासूनचीं म्हणून फर्मानें दिलीं आहेत, व तीं मानलीं तर घोरपडे कित्येक पिढ्या पातशाही दरबारांतले जहागिरदार होते. शहाजीराजांनीं हात धरून नेण्याची त्यांस गरज नव्हती. या फर्मानांच्या अस्सलपणाविषयीं संशोधकांत बराच वाद झाला आहे. भोसल्यांच्या सिसोदिया कुळाचा प्रश्नहि त्यांत गुंतल्यामुळें वादास नको तेवढी धार आली. मीं त्या वादांत शिरत नाहीं. मला एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, एका बाजूस अस्सल पत्र म्हणतें 'तुम्हांस आम्हीं चढविलें', दुसऱ्या बाजूस घराण्याचे कागद म्हणतात 'आम्ही आधींच चढलेले होतों'. आणि या भांडणाचें मूळ शिफारस कोणी कोणाची केली या प्रश्नांत आहे.

माझा कल पत्राकडे आहे, पण पुरता नाहीं. तें कोणा तिऱ्हाइतास लिहिलेलें नाहीं. खुद्द बाजींच्या मुलास लिहिलेलें आहे, आणि हेतु त्याला वळविण्याचा आहे. वळवावयाच्या माणसापुढें त्याला धादांत खोटी ठाऊक असलेली गोष्ट कोणी शहाणा मांडणार नाहीं. तेव्हां शहाजीराजांनीं बाजींस कांहींतरी आधार दिला, निदान दरबारांत जवळीक करून दिली, एवढें खरें मानावें. त्यांचें सर्व वैभव त्यामुळेंच आलें, हा भाग ऋणकोपुढें वही उघडून बसलेल्या धनकोच्या भाषेंतला आहे.

आणखी एक गोष्ट या पत्रांतून कळते, जी दुसऱ्या साधनांत इतकी उघड दिसत नाहीं: त्या घटकेस महाराजांचें भागानगरास वजन किती होतें. वैऱ्याच्या मुलास फर्मान मिळवून देण्याइतकें होतें. शिफारशीवरून शिफारस करणाऱ्याची उंची मोजावी, असें वर म्हटलें त्याचा हा दाखला. मालोजी मात्र आले नाहीत. बापाच्या उपकाराची व अपकाराची यादी ज्या पत्राच्या आरंभीं आहे त्या पत्रानें कोणाचें मन कितपत वळावें, याविषयीं प्रत्येकानें आपल्या मनाशीं विचार करावा. माझ्या मतें महाराजांच्या हातचें हें पत्र राजनीति म्हणून अव्वल असलें, तरी भलावण म्हणून कच्चें आहे. भलावणींत जुनी थकबाकी काढूं नये.

तिसरी शिफारस वेळासच्या भानूंची. ती थोडक्यांत सांगतों. सिद्दीच्या जाचानें बाळाजी विश्वनाथ भट श्रीवर्धन सोडून निघाले तेव्हां भानु बंधूंनीं त्यांस साथ दिली, प्रसंगीं जिवावरच्या संकटांतून काढलें, अशी परंपरागत कथा आहे. इ. स. १७१३ त बाळाजीपंतांस पेशवाई मिळाली; त्यांच्या शब्दावरून शाहूमहाराजांनीं हरि महादेव भानूंस फडणिशी दिली, व हरिपंत लवकरच वारल्यावर ती बाळाजी महादेवांकडे आली. इ. स. १७१९ त दिल्लीच्या दंग्यांत बाळाजी महादेव पडले. त्यांचे नातू ते नाना फडणीस. येथें फडणिशी व दिल्लीचा मृत्यु या गोष्टी पक्क्या आहेत. आरंभीच्या संकटांची व शपथांची कथा मात्र, नानांचें घर पुण्याच्या दरबारांत सर्वांत वजनदार झालें त्या काळांत घोळून घोळून गोड झालेली दिसते. शिफारस फळाला आली कीं तिच्या मुळाशीं असलेली मैत्री मागाहून अधिक सुंदर होते. तरीहि बाळाजी महादेव आपल्या शिफारस करणाऱ्याच्या बाजूस उभे राहून पडले, एवढ्या एका गोष्टीनें त्या कथेचें बरेंचसें देणें फिटतें.

या तिन्ही शिफारशी आपणांपर्यंत कशा आल्या हें पाहिलें म्हणजे संग्राहकांच्या प्रश्नाचें उत्तर सांपडतें. जेध्यांची आली, कारण वतनाचा हक्क सांगावयाचा होता. घोरपड्यांची आली, कारण राजकारण साधावयाचें होतें. भानूंची आली, कारण एक मोठें घराणें उदयास आलें. गरज होती म्हणून कागद राहिले, आणि ज्या प्रमाणांत गरज होती त्या प्रमाणांत ते वांकले. गरज नसलेल्या शिफारशी, ज्यांतून वतन निघालें नाहीं, दिवाण निघाला नाहीं, अशा कोठें आहेत? त्या गोंदियाकडील सुतळीच्या गठ्ठ्यासारख्या गठ्ठ्यांत आहेत. इ. स. १९५१ त जमीनदाऱ्या रद्द झाल्या. त्या दिवसापासून या कागदांवर कोणाचा हक्क टांगलेला नाहीं, कोणत्या कचेरींत ते दाखल करावयाचे नाहीत. आपल्या पूर्वजांस मोठें करण्यासाठीं कोणी त्यांत खाडाखोड करण्याचें कारण संपलें. रद्दीच्या भावाला उतरले म्हणूनच ते साक्षीस उभे करण्याजोगे झाले आहेत.

वाचतांना मात्र सावधपणा हवा. अशा पत्रांत सरकारशीं इमानी हा शब्द आला कीं पूर्वजाच्या गौरवानें फुलून न जातां तारीख पाहावी. उठाव मोडल्यानंतरच्या काळांत एका माणसास इमानी म्हणणें म्हणजे पुष्कळदां त्याच्या शेजाऱ्यास बेइमान म्हणणें असतें. चिमणा पाटलाच्या मुलखांत तर हें विसरून चालणार नाहीं. लिहिणाराचें पुढें काय झालें तें शोधावें. एकाच लिहिणाराच्या पांच शिफारशी मिळाल्या व पांचांतहि तेच शब्द असले तर त्या शब्दांस अर्थ नाहीं. चार ठिकाणीं सरधोपट आणि पांचव्या ठिकाणीं एखादी बारीकशी खूण, अमक्या रात्रीं हा बरोबर होता अशी, तर तें पांचवें पत्र खऱ्या सोबत्याचें समजावें. शहाजीराजांनीं कान्होजींविषयीं सांगण्यासारखें होतें तेंहि एवढेंच होतें. आणि सर्वांआधीं कागद उलटा करावा. अंमलदारानें पाठीवर काय शेरा मारला, किंवा मुळींच मारला नाहीं, हें नकला करतांना आपण हटकून सोडून देतों. पुढची बाजू शिफारस करणाऱ्याची. अंमलदाराचें उत्तर असलेंच तर पाठीवर असतें.

हें सर्व मीं संग्राहकांस पत्रानें कळविलें. त्यांनीं गठ्ठा ठेवून घेण्याचें कबूल केलें, व नकलेसाठीं कांहीं दिवस तो मजकडे पाठविला. सुतळी अद्याप सोडलेली नाहीं. कागद ज्या क्रमानें बांधले गेले आहेत तो क्रम आधीं कडेवरून क्रमांक घालून उतरून घ्यावयाचा आहे.